सात पेट्या खापरे: बेळगावच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

आज पेट्या उघडल्या. चार पत्र्याच्या ट्रंका, दोन आंब्याच्या लाकडी पेट्या आणि एक कुंद्याच्या दुकानातला पुठ्ठ्याचा खोका. खोक्याला अजून तुपाचा वास येतो आणि त्यामुळे उंदरांनी सुरुवात तिथूनच केलेली दिसते. खापरे त्यांना खाता आली नाहीत, चिठ्ठ्या खाल्ल्या.

ज्या गुरुजींनी हे सगळे वेचले ते आता नाहीत. मलप्रभा आणि घटप्रभेच्या काठची शेते, विहिरी खणताना बाहेर टाकलेली माती, पावसाळ्यात ढासळलेल्या दरडी, असे सायकलवरून फिरून चाळीस वर्षे गोळा केलेले. म्हणजे उत्खनन नाही, चर नाही, थर नाही. कुठल्या खापरावर कुठले खापर होते हे सांगणारा एकही कागद नाही. सर म्हणाले, "थर नाही म्हणून रडायचं नाही. निदान गाव तरी लिहून ठेवलंय माणसानं."

लिहून ठेवले आहे खरे, पण तीन हातांनी. पहिली वही गुरुजींची, मराठीत. पुढची कुणीतरी कन्नडमध्ये केली. त्यानंतर एका विद्यार्थ्याने इंग्रजीत नक्कल काढली. ११२ नंबरचे खापर गुरुजींच्या वहीत 'रांजणाचा काठ', कन्नड वहीत 'हरवी', इंग्रजीत 'जार'. इथवर ठीक. पण इंग्रजी वहीत बोटभर तोंडाचे बोळकेही 'जार' आणि दगडाचा तुकडाही 'जार'. घागर, डेरा, रांजण, मोघा, केळी, गाडगे, लोटके अशी आठवण ठेवून लिहिलेली नावे एका शब्दात बुडाली. तिसरी वही बाजूला ठेवली.

१३ नोव्हेंबर

धुणे. मऊ ब्रश, पाणी बदलत राहायचे, रंगाच्या रेषा किंवा आत चिकटलेला काळा थर दिसला तर पाण्यात घालायचेच नाही. हे सकाळी सांगूनही दुपारी एका मुलाने तारेच्या घासणीने तीन तुकडे चकचकीत केले. तांबडा लेप गेला, खालची माती राहिली. त्याला वाटले मळ आहे. ओरडले नाही, पण ती तीन आता 'लेप: माहीत नाही' या रकान्यात कायमची बसली.

नंबर आतल्या बाजूला घालतो आहोत, मोडलेल्या कडेवर नाही. कडेवरच तर मातीचा पोत बघायचा असतो. आधी पॅरालॉइड या पारदर्शक राळेचा पातळ थर, वर शाई. उद्या कुणाला पुसायचे झाले तर ॲसिटोनने निघेल.

१८ नोव्हेंबर

सरांनी आज पेट्री समजावला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्लिंडर्स पेट्रीने इजिप्तमध्ये नकादा आणि हू इथली राजवंशांच्या आधीची थडगी खणली. वाळूत सुटी सुटी थडगी, एकावर एक नाहीत, म्हणजे थर त्याच्याकडेही नव्हते. त्याने सुमारे ९०० थडग्यांसाठी ९०० पट्ट्या केल्या, प्रत्येक पट्टीवर त्या थडग्यातल्या भांड्यांचे प्रकार लिहिले, आणि सारखी भांडी असलेल्या पट्ट्या शेजारी येईपर्यंत त्या वरखाली करत बसला. क्रम लागला. त्याला धागा दिला तो एका बरणीच्या कानांनी: सुरुवातीला पोटावर खरेखुरे, धरायला उपयोगी, लाटेसारखे कान, मग ते चपटे होत गेले, भांडेही गोलाचे नळकांडे झाले, शेवटी कानाच्या जागी नुसती एक नागमोडी रेघ उरली. या क्रमाला त्याने ३० ते ८० असे आकडे दिले. १ ते २९ मोकळे ठेवले, आणखी जुने काही सापडले तर जागा असावी म्हणून. हे मोकळे ठेवणे मला सगळ्यात आवडले.

मुलांनी उत्साहाने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. दोनशेच्या वर. मी थांबवले नाही.

१९ नोव्हेंबर

पट्ट्या कचऱ्यात. रात्री लक्षात आले होते. पेट्रीची पट्टी म्हणजे एक थडगे, म्हणजे एका दिवशी एकत्र पुरलेली पाच-सात भांडी. ती एकत्र होती म्हणून तर क्रम लागला. आमच्याकडे एका शेतातून आलेली खापरे आहेत, आणि त्या शेतावर दोन हजार वर्षे नांगर फिरलाय. शेजारी पडलेल्या दोन तुकड्यांमध्ये कदाचित हजार वर्षे असतील. त्यांना एका पट्टीवर लिहिणे म्हणजे एकाच एसटीत बसलेल्यांना एका घरातले समजणे.

मग उरते काय? माती, घडण, घाट. आणि जिथे नीट थर लागलेत अशा ठिकाणांशी ताडून पाहणे. जवळचे म्हणजे कोल्हापूरचे ब्रह्मपुरी, पंचगंगेच्या काठी, १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी खणलेले. घरचेच म्हणावे तर वडगाव-माधवपूर, बेळगावातच, सातवाहनांच्या काळातले नगर. मी शहापूरला राहते, तिथून चालत जाता येते. दक्षिणेला चित्रदुर्ग जिल्ह्यातले ब्रह्मगिरी, व्हीलरने १९४७ मध्ये खणलेले. उत्तरेला नेवासे, इनामगाव, जोर्वे.

२५ नोव्हेंबर

दहा पटीचे भिंग आणि ताजी मोडलेली कड. दिवसभर एवढेच. पक्कडीने कोपरा टिचकावून आत काय कण आहेत ते बघायचे.

तीन ढीग झाले. पहिल्यात काळपट बारीक खडी, उत्तरेकडच्या गावांची. दुसऱ्यात पांढरे गारेचे कण, कधी टोकदार. तिसऱ्यात अभ्रक, ऊन पडले की खापर लुकलुकते. नकाशा पुढ्यात घेतल्यावर हसू आले. जिल्ह्याच्या उत्तरेला दख्खनचा काळा कातळ, गोकाककडे कलादगीचा वालुकाश्म (गोकाकचा धबधबा त्याच्याच कड्यावरून पडतो), आणि दक्षिणेकडे धारवाडी शिस्ट. तिन्ही खडक याच जिल्ह्यात एकमेकांना भिडतात. कुंभाराने जवळची माती घेतली आणि त्याच्या मडक्यात ती सीमा उतरली. ही सीमा कुठल्या आयोगाने आखलेली नाही आणि तिच्यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

गंमत अशी की अभ्रकवाल्या मातीचे चार काठ निपाणीच्या बाजूला सापडलेत, जिथे खाली सगळा काळा कातळ. भांडे प्रवास करून गेले असणार. रिकामे कोण नेतो? या चारांना वेगळी चिठ्ठी लावली.

३ डिसेंबर

आज आमची फजिती. पाचव्या पेटीतून एक जाडजूड कान निघाला, वळलेला, अंगठ्याएवढा. सरांचा आवाज बदलला. "रोमन!"

सरांना दोष देता येत नाही. रोमन जगाशी व्यापार या भागाने केलाय; ब्रह्मपुरीला समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली, ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. दारू आणि तेल आणणाऱ्या दोन कानांच्या सुरयांचे, अँफोरांचे, तुकडे नेवाशालाही निघाले आहेत. या सुरयांचे वर्गीकरण हा एक स्वतंत्र संसारच आहे: हाइन्रिश ड्रेसेलने १८९९ मध्ये ४५ आकारांचा तक्ता छापला आणि आजही लोक 'ड्रेसेल २-४' असेच म्हणतात. इटलीत नेपल्सच्या बाजूच्या सुरया तर मातीतल्या काळ्या ज्वालामुखी वाळूवरून ओळखतात.

काळे कण आमच्या कानातही होते की नाही हे बघायला मोडलेली कड जिभेला लावली. (होय, आम्ही खापरे चाटतो. मातीचे भांडे सच्छिद्र असते, जिभेला चिकटते.) हे चिकटेना. पाण्याचा थेंब टाकला, तो मोत्यासारखा बसून राहिला. मग खिडकीशी नेले, तर वळणाच्या आतल्या बाजूला तपकिरी काचेची झिलई. लोणच्याची चिनी मातीची बरणी. खाली दुधी, वर तपकिरी, आमच्या माळ्यावर दोन आहेत.

सर थोडा वेळ बोलले नाहीत. मी सांगितले की दख्खनमध्ये अँफोरा म्हणून नोंदलेली पुष्कळ खापरे पुढे नव्याने तपासल्यावर मेसोपोटेमियाकडची निघाली. टॉर्पेडोसारखी लांबट, बिनकानाची, आतून डांबर लावलेली भांडी. मोठमोठ्यांचे असे झाले. "त्यांची निदान मेसोपोटेमियाची निघाली," सर म्हणाले. "आपली लोणच्याची."

१० डिसेंबर

काठ मोजणे सुरू. एकात एक वर्तुळे काढलेला कागद, त्यावर काठ उपडा धरायचा, डोळा खाली आणून उजेड आत शिरत नाही असे वर्तुळ शोधायचे. तो व्यास. आणि वर्तुळाचा किती भाग हातात आहे तेही: १८ अंश म्हणजे ५ टक्के. हे टक्के महत्त्वाचे. नुसती खापरे मोजली तर रांजण जिंकतो, कारण एक रांजण फुटला की शंभर तुकडे, आणि वाटी फुटली की पाच. काठाच्या टक्क्यांची बेरीज केली की भांडी किती याचा बरा अंदाज येतो. मोजणीत तिसऱ्या पेटीत सगळ्यात जास्त रांजण होते. बेरजेत सगळ्यात जास्त वाट्या निघाल्या.

घडणीचे दोन वर्ग केले. 'चाकावरचे': आत सलग आडव्या रेषा. 'हातघडणीचे': रेषा नाहीत, आत बोटाच्या पेराएवढे खळगे, भिंत पातळ. काठ आणि माना जवळजवळ सगळ्या पहिल्यात गेल्या, पोटे आणि बुडे दुसऱ्यात. मी वहीत लिहिले: 'दोन परंपरा शेजारी नांदत असाव्यात.' वाक्य चांगले वाटले म्हणून खाली रेघही ओढली.

२१ डिसेंबर, खानापूर

रेघ खोडावी लागली.

खानापूरची माती प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था याच गावात आहे. पण मी गेले ते एका जुन्या घरी, ओळखीतून. आज्जी पंचाहत्तरीच्या असतील. पिशवीतली खापरे मी त्यांच्या ओसरीवर दोन ढिगांत मांडली, हे चाकाचे, हे हाताचे. त्यांनी थोडा वेळ बघितले.

"हे काय गे? एका मडक्याचं दोन ढीग का केलीस?"

मी म्हटले, आज्जी, हे चाकावरचे आहे, रेषा बघा.

"व्हय की. काठ चाकावरच हुतोय. चाकावरनं उतरवतानं त्याला बूडच नसतंय गे. बूड मागनं येतंय, चोपून."

मग त्यांनी नातवाला हाक मारली आणि अर्धवट सुकलेले एक भांडे आणायला लावले. जाड भिंतीचे, खालून उघडे, काठ मात्र पूर्ण तयार. डाव्या हातात दगडी गुंडा आत धरला, उजव्या हातातल्या लाकडी चोपण्याने बाहेरून थापायला लागल्या. ठप, ठप, भांडे मांडीवर फिरते आहे. भिंत पातळ होत जाते, पोट फुगते, खालची कड जवळ येत येत शेवटी मिटते. वीस मिनिटांत बूड. आत हात घालून बघितले. माझे खळगे. गुंड्याचे.

म्हणजे माझ्या दोन परंपरा एकाच भांड्याच्या कंबरेच्या वर आणि खाली राहत होत्या. आज्जींनी आणखी एक सांगितले: त्यांच्या घरात चाक पुरुष फिरवतात, चोपायचे काम बायकांचे. तेव्हा दोन हात होतेच, फक्त मी समजले तसे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कामाची वाटणी अशीच होती असे मी लिहिणार नाही. पण आजपासून पोटाच्या तुकड्यावर 'हातघडण' लिहिण्याआधी मान शोधायची.

मोठ्या रांजणाच्या तुकड्यावर मातीची चिकटवलेली पट्टी आहे, तिच्यावर बोटांचे ठसे. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन गावांतही साठवणीच्या रांजणांवर अशा पट्ट्या सापडतात आणि पुस्तके तिला नक्षी म्हणतात. आज्जींनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "सांधा हाय हितं. दोन तुकडं जोडलं की वर पट्टी मारायची, न्हाईतर भट्टीत उकलतंय." आणि ठसे? "दाबल्याबिगर बसतंय व्हय ती?" निघताना त्यांनी चहा दिला, खापरांतले एक उचलून उन्हात धरले आणि म्हणाल्या की हे नीट भाजलेले नाही, ज्याने केले त्याला सरपण कमी पडले असणार. त्या खापराचा गाभा काळा आहे. आमच्या तक्त्यात त्याला 'अपुरे ऑक्सिडीकरण' म्हणतात.

२४ डिसेंबर

घडणीचा रकाना पहिल्यापासून. सहाशेहून जास्त ओळी. बाकी काही नोंदवण्यासारखे नाही.

२ जानेवारी २०२५

दगड. एकूण अकरा तुकडे, तिसऱ्या वहीत सगळे 'जार'. चार उखळाचे निघाले, काळ्या कातळाचे, आत कुटून गुळगुळीत झालेले. दोन गुरांच्या डोणीचे, आणि डोणी किती जुनी हे डोणीलाच ठाऊक. एक मैलाचा दगड असावा.

उरलेले चार खरे भांड्यांचे. करडा, हाताला साबणासारखा लागणारा दगड, नखाने ओरखडा उठतो आणि पांढरी भुकटी निघते. शंखजिऱ्याच्या जातीचा. असाच मऊ दगड होयसळांनी देवळांना वापरला. खाणीतून काढताना लोण्यासारखा, हवेवर घट्ट होतो. बाहेर छिन्नीच्या उभ्या खुणा, आत गोल फिरवल्याच्या. एकाला भेगेच्या दोन्ही बाजूंना भोके पाडलीत: फुटल्यावर तारेने किंवा दोरीने शिवलेले भांडे. फुटके मडके कुणी शिवत नाही, उकिरड्यावर टाकतात. दगडाचे मात्र शिवले. किंमत कळायला आणखी पुरावा नको. आणि म्हणूनच दगडाच्या भांड्यावरून काळ ठरवणे अवघड. मडके वर्षा-दोन वर्षांत फुटून आपला काळ सांगते, दगडाचे भांडे पणजीकडून पणतीकडे जाते.

मुलांनी विचारले, लाओसमधले ते माणसाएवढे दगडी रांजण? दुपार त्यातच गेली. शियांग ख्वांगचे पठार, दोन हजारांवर रांजण, बहुतेक वालुकाश्माचे. मादलेन कोलानीने १९३० च्या दशकात अभ्यास केला आणि ते दफनाशी निगडित आहेत असे मांडले. २०१९ पासून जागतिक वारसा. तसलेच आसामच्या डिमा हसाओ जिल्ह्यातही आहेत. त्यांनाही 'जार' म्हणतात आणि लोणच्याच्या बरणीलाही. मुलांना मुद्दा लगेच कळला.

९ जानेवारी

सहावी पेटी, निपाणीकडची. सर एका तोटीवर अडून बसले: आखूड, खालून फुगीर, जोर्वे भांड्याची तोटी. जोर्वे म्हणजे इसवी सनाच्या आधीचे दुसरे सहस्रक संपतानाचे, तांबडे, काळ्या रेषांचे, लांब तोटीचे. इतक्या दक्षिणेला ती मिळाली तर मोठीच गोष्ट. मी तोटीत काडी घातली. आत काजळी, आणि तोटीला काटकोनात दुसरे भोक. चिलीम.

सरांनी मान्य केले, पण या वेळी चेहरा पडला नाही, कारण चिलीम स्वतः एक घड्याळ आहे. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. १६०४ च्या सुमारास असद बेग विजापूरहून ती अकबराच्या दरबारात घेऊन गेला, म्हणजे आदिलशाही मुलखात ती त्याआधी रुजली होती, आणि बेळगाव आदिलशाहीतच होते. तेव्हा जिथे तंबाखूची चिलीम निघेल तो थर सोळाव्या शतकाच्या अलीकडचा. ४३८ हे आमच्या सात पेट्यांतले पहिले खापर, ज्याच्यापुढे मी काळ शाईने लिहिला. तेही निपाणीचे. तंबाखूच्या गावाने लाज राखली.

१३ जानेवारी, भोगी

खानापूरहून आज्जींच्या नातवाने सुगडी पाठवली. पाच, मुठीएवढी, काळीभोर. उद्या हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, बोरे, गाजर, तीळ भरून पूजा होईल.

काळा रंग कसा, ते त्याने फोनवर सांगितले: शेवटी भुसा टाकून भट्टीचे तोंड बुजवायचे, धूर कोंडला की काळे. ऑक्सिजन तुटला की मातीतले लोह काळे पडते आणि धुराचा कार्बनही आत शिरतो. महापाषाणयुगीन काळी-तांबडी भांडी याचीच अर्धी आवृत्ती. भांडे उपडे ठेवले, तोंड भुशात-राखेत बुडाले तर आतून आणि काठाला काळे, वरचे उघडे अंग तांबडे. दुसऱ्या पेटीत अशी एकोणीस आहेत. त्यांतल्या दोघांचा काळा पट्टा एका बाजूला कलला आहे. भट्टीत भांडे जरा तिरके बसले असणार.

सुगडी हाताशीच होती म्हणून मी आईच्या सुगडांपैकी एक व्यासाच्या कागदावर धरले. व्यास ६ सेंटीमीटर, चाकावरचे, तळ सुतळीने कापलेला, आत-बाहेर काळे, वापराच्या खुणा शून्य. कुणाला तरी हे शेतात सापडले आणि संक्रांत माहीत नसली, तर तो काय लिहील? लहान मुलांचे खेळणे. किंवा 'विधीचे असावे', जे आपण कळले नाही की लिहितो. या वेळी मात्र ते बरोबर ठरले असते.

२० जानेवारी

सरांशी वाद, चांगला. मला 'काळ' हा रकाना काढून टाकायचा होता. सर म्हणाले, वाचणारा पहिल्यांदा तोच रकाना बघतो. मी म्हटले म्हणूनच. तांबूस लेपाचे, पांढऱ्या रेषांचे खापर ब्रह्मगिरीच्या वरच्या थरातल्यासारखे दिसते. मग 'ब्रह्मगिरीसारखे' असे लिहू, 'सातवाहनकालीन' असे कशाला? आमच्या शेतात ते कुठल्या थरात होते? शेवटी रकान्याचे नाव बदलले: 'साम्य'. तिथे ठिकाणाचे नाव येईल, सनाचे नाही. चिलीम आणि लोणच्याची बरणी यांना अपवाद.

सरांनी एक अट घातली. चोवीस खापरे कशाशीच जुळत नाहीत, त्यांना 'इतर' म्हणायचे नाही. त्यांना मातीच्या ढिगाचा नंबर आणि पुढे मोकळी जागा. पेट्रीचे १ ते २९.

२७ जानेवारी

चित्रे पूर्ण: डावीकडे छेद, उजवीकडे बाहेरचे अंग, मध्ये उभी रेघ. कंगव्यासारख्या गेजने काठ उतरवायला मुले आता माझ्यापेक्षा तरबेज झालीत. घासणीवाल्याचा हात सगळ्यात स्थिर आहे.

पेट्या नव्या प्लास्टिकच्या. कुंद्याचा खोका जाळायला दिला, उंदीर तिसऱ्यांदा आले होते. सातव्या पेटीत वर थोडी जागा उरली, तिथे कापसात गुंडाळून एक सुगड ठेवले. चिठ्ठी तीन लिप्यांत लिहायची असे ठरलेय, पण आज फक्त मराठी झाली:

'क्र. ६४७. सुगड. खानापूर. चाकावरचे, सुतळीने कापलेले. पूर्ण. मिळाल्याची तारीख १३ जानेवारी २०२५. आत तिळाचे दोन दाणे, काढू नयेत.'